पावलं शेवटी जागी होतात

आत्ती पडल्या त्या कोन खणताना. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. दिग्गीजवळ आमचं घर आहे, त्याच्यामागं उतारावर कोनाचे वेल चढवलेले आहेत. थंडी पडली, वेल वाळले, की बुडाशी खणून कंद काढायचे. यंदा भात मळून झाल्याबरोबर त्या कुदळ घेऊन निघाल्या, कारण प्रज्योत येणार होता आणि त्याला निखाऱ्यात भाजलेला कोन लागतो. खड्डा खोल झाला होता, कंद हाताला लागला होता. तो ओढताना पायाखालची माती सुटली. मी आत पारूला पाजत होते. त्यांची हाक आली, पण ती मदतीसाठी नव्हती. कोन तुटला काय बघ गं, असं त्या म्हणत होत्या.

कोन अख्खा होता. खुब्याचं हाड मोडलं होतं.

प्रज्योत माझा नवरा. मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत काम करतो. पारू पोटात होती तेव्हा गेला, आता ती भिंत धरून उभी राहते. मधल्या काळात त्याचं जहाज कुठल्या कुठल्या बंदरांना लागलं. तो फोनवर नावं सांगायचा आणि आत्तींना ती सगळी गावं सारखीच लांब वाटायची. फोनसाठी आम्हाला घरापासून वर, काजूच्या झाडांपलीकडच्या कातळावर चढावं लागतं, रेंज तिथंच येते. आत्ती रोज संध्याकाळी जाऊन तिथं बसायच्या, फोन येवो न येवो. आलाच तर पडद्यावर त्याचं तोंड दिसायचं, हलायचं आणि मधेच थांबून राहायचं, डोळे अर्धे मिटलेले. मी फोन हलवायला गेले की त्या माझा हात धरायच्या. असाच ऱ्हाऊ दे जरा, म्हणायच्या. थांबलेलं तोंड नीट बघता येतं.

तो गेला त्या दिवशी आत्ती घरी नव्हत्या. गणेशगुडीला भावाच्या घरी कार्य होतं, तिकडं गेलेल्या. एजंटचा निरोप आला, आजच्या आज निघ, आणि तो निघाला. आमच्याकडं दोन दिवसांसाठी परगावी जाणारासुद्धा घरातल्या मोठ्यांच्या पायांवर डोकं ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, आणि हा समुद्रावर गेला तो तसाच गेला. आत्ती त्यावर कधी रडल्या नाहीत, कुणाला बोलल्या नाहीत. फक्त प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायच्या, तुझं पाया पडायचं ऱ्हायलंय हां. तो म्हणायचा, ध्यानात हाय, अव्वा.

आता जहाज गोव्यात लागणार होतं. त्याला एका दिवसाची रजा मिळाली होती. सकाळी बंदरातून बाहेर पडायचं, रात्री परत आत. तेवढ्यात दिग्गीपर्यंत येऊन माघारी जाणं शक्य नव्हतं. म्हणून तो अनमोडचा घाट चढून रामनगरला येणार आणि आम्ही सगळ्यांनी जीपनं तिथं जायचं असं ठरलं होतं. आम्ही गेलो जीपनंच, पण ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. आत्तींना घोंगडीच्या झोळीत घालून, झोळी वेळूला बांधून रस्त्यापर्यंत आणली. सासरे गुरांपाशी राहिले. आमच्यासोबत फुलामावशी आली. ती आत्तींची धाकटी बहीण, शेजारच्याच घरात दिलेली, आणि तिच्या परवानगीशिवाय आमच्या घरात दुधाला विरजणसुद्धा लागत नाही.

रामनगरच्या त्या छोट्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर बेळगावहून आठवड्यातून एकदा येतात. त्यांचा दिवस नेमका दुसरा, म्हणजे प्रज्योत येणार तोच. मला हायसं वाटलं. सकाळी ऑपरेशन होईल, दुपारी तो येईल, तोवर आत्ती धुतलेलं लुगडं नेसून खाटेवर पडलेल्या असतील, असं सगळं मी मनात मांडून ठेवलं. आत्तींनीही तसंच मांडलं असावं. रात्रभर कण्हल्या, पण पहाटे मला हळूच म्हणाल्या की माझी वेणी घाल.

सकाळी डॉक्टर सुमंगला आल्या. भूल द्यायचं काम त्यांचं. धारवाडकडच्या, मराठी बोलायच्या ते कानडीच्या चालीवर, आणि आत्तींना अज्जी म्हणायच्या. त्यांनी विचारलं, काल रात्रीपासून पोटात काही गेलंय का. फुलामावशी छातीवर हात ठेवून म्हणाली, काय न्हाई, उपाशी हाय बिचारी. मीही मान हलवली. मी खोटं बोलत नव्हते. आम्ही कुणीच खोटं बोलत नव्हतो.

आत्तींना ढकलगाडीवर घेतलं, गाडी दारापर्यंत गेली आणि फुलामावशीनं धीर द्यायला बहिणीच्या गालावरून हात फिरवला. भिऊ नगं, म्हणाली, पोटात गरम पेज हाय.

गाडी थांबली.

पहाटे मी पारूला घेऊन बाहेर गेले होते, तेवढ्यात मावशीनं किटलीतली पेज पाजली होती, चांगली दाट, भाताची शितं घातलेली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती अगदी निर्मळपणे म्हणाली की पेज काय कुणी जेवणात धरतं का. उठल्यावर तोंड धुतात तशी पेज घेतात. जेवण वेगळं. आणि अंगाला सुरी लावून घ्यायला रिकाम्या पोटी कोण जातं? डॉक्टर रागावल्या नाहीत. भूल देताना पोट भरलेलं असलं, उलटी झाली आणि ती छातीत उतरली तर जीवावर बेततं, एवढं सांगितलं आणि गाडी मागं फिरवायला लावली. आता पेज पचेपर्यंत थांबायचं. म्हणजे दुपार.

दुपारी तो येणार होता.

फुलामावशी कोपऱ्यात तोंड वळवून बसली. आत्ती छताकडं बघत होत्या. मग त्यांनी सांगून टाकलं की आज ऑपरेशन नको. पुढच्या आठवड्यात करा. डॉक्टर येतात न्हवं दर आठवड्याला? तोवर मी पडून ऱ्हाते.

मला आत्तींचं हाडही नीट व्हायला हवं होतं, आणि प्रज्योत दारातून आत येईल तेव्हा खाट रिकामी नको होती. शिवाय माझं माझं एक होतंच. मी त्याच्यासाठी नवी साडी आणली होती, ती पिशवीत तळाशी होती, पारूच्या दुपट्यांखाली. ती काढायचं धाडस मला झालं नव्हतं.

डॉक्टर सुमंगला आत्तींच्या खाटेवरच बसल्या. या वयात मोडलेलं हाड घेऊन माणूस आठवडाभर पडून राहिलं, तर छातीत कफ धरतो, पाठीला जखमा होतात, आणि मग उभं राहणं राहतं ते राहतंच, असं त्यांनी समजावलं. आत्तींनी ऐकून घेतलं. मग त्यांनी त्यांच्या मनातली भीती बोलून दाखवली. हुबळीला नेलेला त्यांचा थोरला दीर भुलीतून उठला तो पुढं चार दिवस कुणाला ओळखतच नव्हता. बायकोला मास्तरीण म्हणायचा.

डॉक्टर म्हणाल्या की मी तुम्हाला झोपवणारच नाही. पाठीच्या कण्यात एक सुई द्यायची. कमरेखालचं तेवढं बधिर. डोळे, कान, तोंड सगळं तुमचं तुमच्यापाशी.

आत्तींना ते पटल्यासारखं दिसलं, पण त्या सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. सुईत काय असतं, विचारलं. डॉक्टरांनी तेही सांगितलं, आणि घाई न करता सांगितलं. मुख्य औषध बधिर करणारं. त्याच्यात थेंबभर दुसरं काही मिसळता येतं. एक प्रकार असा की बधिरपणा लांबतो, रात्रीपर्यंत दुखणं जाणवत नाही, पण डोळ्यांवर गुंगी येते, रक्तदाब उतरू शकतो, आणि तुमच्या वयात कधीकधी थोडा वेळ माणसाला माणूस कळत नाही. दुसरा प्रकार असा की तो घातला तर मुख्य औषध कमी पुरतं, रक्तदाब फार ढळत नाही, मन बहुतेक करून जागं राहतं. पण अंगाला खाज सुटू शकते, आणि दुखणं लवकर परत येतं.

"दुसऱ्यात लेक वळखू येईल न्हवं?" आत्ती म्हणाल्या.

"येईल अज्जी. पण संध्याकाळी दुखेल."

"दुखू दे. दुखल्यालं मला ठावं हाय."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांच्या मनात बहुधा तेच होतं, पण त्यांनी ते आत्तींना निवडू दिलं. मग मला म्हणाल्या की तुम्ही आत चला, सुई देईपर्यंत यांना धरायला घरचं माणूस बरं.

पारूला फुलामावशीकडं दिलं. हिरवा झगा घालून, डोक्याला टोपी बांधून मी आत गेले. आधी त्यांनी जांघेजवळ एक सुई देऊन दुखणं हलकं केलं, मग आत्तींना हळूहळू उठवून बसवलं. पाठ जितकी वाकेल तितकी मणक्यांत फट पडते, म्हणून वाकायचं होतं, आणि भीतीनं आत्ती ताठ झाल्या होत्या. मी पुढून त्यांना धरलं. म्हटलं, आत्ती, कोन उकरताना वाकता तशा वाका.

"त्यानंच तर मोडलं गं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या, आणि हसताना पाठ आपोआप सैल झाली.

त्यांचं कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं. लग्नाला इतका काळ झाला, पण आम्ही दोघी अशा कधी जवळ आलो नव्हतो. भांडण नव्हतं, तशी रीतच नव्हती. त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि चुलीच्या धुराचा वास येत होता, पारूच्या टाळूला येतो तसाच, कारण पारूला तेल त्याच घालतात. त्या भारानं, त्या वासानं मला पान्हा फुटला. झग्याच्या आत ओलं झालं. माझ्या खांद्यावर कोण आहे हे माझ्या अंगाला कळत नव्हतं. आत्ती एवढंच पुटपुटत होत्या, घाट चढला आसंल न्हवं आता. मी म्हटलं, चढला असेल.

सुई झाली. त्यांना आडवं केलं. थोड्या वेळानं डॉक्टरांनी गार बोळा पोटरीला लावून विचारलं, कळतंय? आत्ती म्हणाल्या, काय लावलंय का? डॉक्टर म्हणाल्या, झालं काम. मग मला बाहेर पाठवलं.

बाहेर फोन बघितला. प्रज्योतचा मेसेज होता, घाटात दोन ट्रक अडकलेत, गाड्या हलत नाहीत. मी ते वाचलं आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं. उशीर झाला तर आत्ती बाहेर आलेल्या असतील. पण जितका उशीर, तितका तो इथं कमी. ट्रक अगदी लगेच हलू नयेत, पण लवकर हलावेत, असं काहीतरी मी देवाकडं मागत होते. फुलामावशी पारूला मांडीवर नाचवत होती. मी हळूच आतल्या मोरीत जाऊन साडी बदलून आले. मावशीनं वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, आतली पेशंट कोण आणि ही कोण, कळायला पायजे माणसाला. मग स्वतःच माझी पिन नीट केली.

उन्हं कलल्यावर आत्तींना बाहेर आणलं. अंगावर दोन कांबळी, तरी दात वाजत होते, पण डोळे लख्ख उघडे. उशी काढलेली, डोकं सपाट. खोलीत आल्याबरोबर त्या नाक खाजवायला लागल्या. डॉक्टर म्हणाल्या, ते औषधामुळं, जाईल. फुलामावशी म्हणाली, औषध कशाचं, नाक खाजवलं की लांबचा पावणा येतो. डॉक्टरांनी आत्तींना त्यांचं नाव विचारलं, गाव विचारलं, मी कोण ते विचारलं. आत्ती म्हणाल्या, ही माझी सून, आणि ही साडी सकाळी हिच्या अंगावर न्हवती. डॉक्टर हसत बाहेर गेल्या. माणूस जागं होतं, पुरतं.

आणि मग दारात तो दिसला.

मी त्याला आधी चपलांवरून ओळखलं. त्या मीच घेऊन दिलेल्या होत्या. बारीक झाला होता, कपाळ मोठं झालं होतं, शर्ट नवा, घड्या न मोडलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं, पारूकडं बघितलं, पण तो थांबला नाही. तो थेट खाटेच्या पायथ्याशी गेला, कांबळं बाजूला सारलं, आईचे दोन्ही पाय दोन हातांत धरले आणि त्यांवर कपाळ ठेवलं.

आत्ती दाराकडं बघत होत्या. सपाट पडलेल्या माणसाला दार दिसतं, स्वतःचे पाय दिसत नाहीत. दारात तो दिसला होता, आणि आता नव्हता.

"कुठं गेला गं?" आत्ती मला म्हणाल्या.

मी सांगितलं, तुमच्या पायाशी हाय. पाया पडतोय.

त्यांनी श्वास धरला. डोळे मिटले. सगळं लक्ष खाली नेत होत्या, कातळावर बसून फोनची घंटा कानात प्राण आणून ऐकायच्या, तसं. तो तिकडं वाकलेलाच होता, त्याचे खांदे हलत होते. आत्तींच्या कपाळाला आठी पडली, गेली, पुन्हा पडली.

"मला कळंना," त्या म्हणाल्या.

सकाळपासून आम्ही सगळ्यांनी डोळ्यांचा विचार केला होता. मन जागं राहील का, लेक ओळखू येईल का. पायांचा विचार कुणीच केला नव्हता. खुद्द त्यांनीही नाही.

प्रज्योत उठून वर आला, उशाशी बसला. आत्तींनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बघत राहिल्या. हे तोंड हलत होतं, तरी नीट दिसत होतं. त्याच्या भुवईवर एक नवी खूण होती, तिच्यावर बोट ठेवून विचारलं की हे काय. गरम नळी लागली, अव्वा. मग त्याचं जेवण, त्याचं झोपणं, खोलीत खिडकी आहे का, हे सगळं विचारलं. जहाजात खिडकीतून काय दिसतं, हेही. तो म्हणाला, माझ्या खोलीला खिडकी न्हाई. आत्तींनी नुसतं त्याच्या कानामागचा मळ काढल्यासारखं केलं.

फुलामावशीनं डब्यातून भाजलेले कोन काढले, तेच, ज्यांच्यापायी सगळं झालं होतं. सोलून त्याच्या हातात दिले. तो खाताना ती त्याचा वास घेऊन म्हणाली, अंगाला रॉकेलचा वास येतोय रं, धुत्यात का न्हाई तिकडं तुम्हाला. तो हसला. त्याचं हसू पूर्वीचंच होतं, डावीकडून सुरू होणारं. मी पारूला त्याच्यापुढं धरलं. ती त्याला बघून रडली, माझ्या खांद्यात तोंड खुपसलं, मग एका डोळ्यानं बघितलं. त्यानं बोट पुढं केलं. पारूनं खूप वेळ विचार केला आणि ते धरलं. त्या बोटाकडं मी बघत होते. नखांच्या कडेला काळं वंगण बसलेलं, साबणानं न गेलेलं. पारूच्या मुठीत ते अख्खं बोट होतं, आणि मला त्यातलं काही नव्हतं. पण खोलीत मावशी होती, आत्ती होत्या, आणि दिवस तसा त्यांचाच होता.

मधे एकदा मी पाणी आणायला बाहेर गेले तेव्हा तो मागून आला. साडी चांगली हाय, म्हणाला. मी म्हटलं, कधी निघायचं? तो म्हणाला, ही गाडी थांबलीय बाहेर, घाटात पुन्हा अडकलो तर बंदराच्या गेटातून आत घेणार न्हाईत. आमच्या दोघांमध्ये तांब्या होता, तो दोघांनीही धरला होता. तेवढ्यात आतून आत्तींनी त्याला हाक मारली. मी तांब्या सोडला.

आत्तींना एकच पाहिजे होतं. निघताना पाया पडशील, तवा मला कळायला पायजे. त्यांनी डॉक्टर सुमंगलांना बोलवायला लावलं आणि विचारलं की पाय कधी येतील. डॉक्टरांनी बोळा लावून बघितलं. पोटाशी कळत होतं. मांडीच्या वरच्या बाजूला थोडं थोडं. त्या म्हणाल्या की औषध वरून खाली उतरत जातं, अज्जी. पावलं शेवटी जागी होतात. मग लगेच विचारलं, दुखायला लागलं असेल ना, दुसरं औषध देऊ? आत्ती म्हणाल्या, थांबा. त्यानं पाय पुन्हा झोपले तर? डॉक्टरांनी सांगितलं की त्याचा पायांशी संबंध नाही. तरी आत्ती म्हणाल्या, थांबा.

दुखणं आलं होतं. मला दिसत होतं. कमरेपाशी आलं होतं आणि ओठ आवळून त्या ते खाली जायची वाट बघत होत्या, पाटाचं पाणी वरच्या वाफ्यातून खालच्या वाफ्यात उतरायची बघतात तशी. प्रज्योत पायाशी जाऊन बसला. दोन्ही पावलं पुन्हा हातांत धरली, तळव्यांना अंगठ्यानं चोळत राहिला. मधेमधे विचारायचा, आता? त्या मान हलवायच्या. न्हाई. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा चोळलं. आता? गुडघ्यापाशी कायतरी हाय, त्या म्हणाल्या. हॉर्न पुन्हा वाजला.

तो उठत नव्हता. शेवटी आत्तीच म्हणाल्या,

"जा. लोकांच्या गाडीला किती थांबवायचं."

त्यानं पावलांवर डोकं ठेवलं, खूप वेळ. मी आत्तींचा चेहरा बघत होते, त्यात काही हललं नाही. मग तो वर आला, त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. पारूच्या गालाला त्यानं गाल लावला. माझ्याकडं बघून, येतो, म्हणाला. मी दारापर्यंत गेले. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की पारूच्या टोपीची सुटलेली नाडी त्यानं कधीतरी बांधून दिली होती, माझ्या बांधण्याहून वेगळी, दोन फेऱ्यांची गाठ. ती सोडायची नाही, एवढं मी ठरवलं.

परत आले तेव्हा आत्ती छताकडं बघत होत्या. फुलामावशी पारूला घेऊन व्हरांड्यात गेली. मी पायथ्याशी बसले. त्यानं सारलेलं कांबळं तसंच बाजूला होतं आणि आत्तींची पावलं उघडी, टाचांना भेगा, त्या भेगांत अजून उतारावरची तांबडी माती. त्यांतल्या एका भेगेपाशी त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उठला होता. वंगणाचा. मी पदरानं पुसायला गेले आणि थांबले.

मग मी त्या ठशावर माझा अंगठा ठेवला. दोन्ही पावलं हातांत घेतली, त्यानं घेतली होती तशीच, जिथं घेतली होती तिथंच. गार होती. मी काही चोळलं वगैरे नाही. नुसती धरून बसले. बाहेर गुरं परतत होती, कुणाच्या तरी गळ्यातली घंटा वाजत गेली.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. माझ्या हातात आत्तींचं एक बोट हललं. मग दुसरं.

"आलं," आत्ती म्हणाल्या. हळू, कुणी झोपलेलं उठू नये अशा आवाजात. "कुणीतरी धरल्यात."

मी म्हटलं, मी हाय, आत्ती. माझे हात.

"ठावं हाय मला तुझं हात." त्यांनी मान वळवली नाही. "त्यानं हितंच धरल्यालं न्हवं?"

"व्हय. हितंच."

"मग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

मी हात काढले नाहीत. डॉक्टर सुमंगला दुखण्याचं औषध घेऊन दारात आल्या, आम्हा दोघींना बघून जरा थांबल्या, आणि आत येऊन त्यांनी सुई हातालाच दिली. पायांकडं आल्या नाहीत.